धावपट्टीतून जाणारी वाट

सापगावची चंदा लग्न होऊन खैरोंडीला आली तेव्हा गावाबाहेरच्या धावपट्टीवर भात वाळत होतं. नव्या नवरीला ते कुणाचं तरी अंगणच वाटलं. एवढं मोठं अंगण कुणाचं, असं तिनं विचारलं तेव्हा दामू, तिचा नवरा, हसून म्हणाला, "सगळ्या गावाचं."

ती पट्टी कुणी केली हे गावात धड कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हातारी माणसं म्हणत, लढाईच्या टायमाला गोऱ्या सायबानं केली. कुणी म्हणे, सरकारला फवारणीची विमानं उतरवायची होती. कुणीही केली असो, तिच्यावर विमान उतरलेलं त्या वेळच्या कुणी पाहिलेलं नव्हतं. माळाच्या मधोमध तो सिमेंटचा लांबलचक पट्टा नुसता पडून होता आणि गावानं तो आपल्या संसारात घेतला होता. सुगीला त्यावर भात, नाचणी, वरी वाळायची. लग्नाच्या पंगती बसायच्या. पोरं सायकल शिकायची. चंदा स्वतः सायकल तिथंच शिकली, तीही लग्नानंतर, पदर कमरेला खोचून. सासूनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अगो, सून हायस तू या घरची. पडलीस तर लोक काय म्हणतील?"

"पडले तर उठेन, सासूबाय," चंदा पायडल मारत म्हणाली, "आणि लोकांचं काय, ते न पडताबी म्हणतातच."

तेव्हापासून गावात तिचं नाव झालं. वाकड्या तोंडाची म्हणून काहींनी घेतलं, सरळ बोलणारी म्हणून काहींनी. दामू तिच्या अगदी उलट. बैलाशीसुद्धा हळू आवाजात बोलणारा. पण बायको कुणाशी भांडून आली की तो निमूट पाण्याचा तांब्या पुढं करायचा, आणि त्यातच त्याचं मत कळायचं.

पट्टीच्या पलीकडं माळ उतरत जातो. त्या उतारावर खैरोंडीची आणि वरच्या ठाकूरवाडीची मसणवट, आणि तिच्या खाली काळू नदी. गावातून मसणवटीला जाणारी पायवाट पट्टी आडवी कापून जायची. पट्टीच्या आधीपासूनची ती वाट. गोऱ्या सायबानं सिमेंट ओतलं ते तिच्यावरच ओतलं.

मग शहरातल्या मोठ्या विमानतळावर लहान विमानांना उभं राहायला जागा उरेनाशी झाली, तेव्हा एका कंपनीनं ही पट्टी भाड्यानं घेतली. माळावर रोलर आले, पत्र्याच्या उंच शेड उभ्या राहिल्या, काचेची खोली असलेला एक बुटका टॉवर झाला, आणि एका सकाळी पांढरंशुभ्र, चतुरासारखं एक विमान खैरोंडीवरून घिरटी घेऊन पट्टीवर टेकलं. अख्खा गाव बांधावर उभा राहून टाळ्या पिटत होता. चंदासुद्धा.

तिला विमानं आवडायची. नंतर कितीही लोक काहीही बोलले तरी हे खरं आहे. वैमानिकांची शाळा सुरू झाली, शहरातून पोरंपोरी शिकायला येऊ लागली, रविवारी गाड्या भरभरून माणसं आपल्या लेकरांना विमान दाखवायला येऊ लागली. आजूबाजूच्या माळांना एकाएकी भाव आला. बंगल्यांच्या रांगा उठल्या, त्यांच्या दारांवर इंग्रजी नावं लागली. चंदानं कुंपणाच्या कडेला पत्र्याची टपरी टाकली. चहा, कांदाभजी, पावसाळ्यात मक्याची कणसं. शिकाऊ पोरांना ती नावानं ओळखायची. त्यातली दर्शना नावाची कल्याणची एक मुलगी रोज सकाळी उड्डाणाआधी चहा प्यायला यायची, आणि भीती वाटली की दोन कप प्यायची.

"वर गेल्यावर काय दिसतं गो?" चंदा तिला विचारायची.

"तुमची टपरी दिसते, मावशी. काडेपेटीएवढी. आणि हवा साफ असली की सिद्धगड एकदम जवळ."

चंदाचा मुलगा शेखर तिथंच कामाला लागला. पट्टीवरचा लाल आगीचा बंब चालवायचं काम. विमान उडताना आणि उतरताना बंब घेऊन सज्ज राहायचं, बस. खाकी डांगरी, डोक्याला हेल्मेट. त्याची बायको सरिता त्याला त्या वेशात पाहून लाजायची, आणि दामू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आमचा शेखर विमानाच्या लायनीत हाय.

पण कुंपण दरवर्षी थोडं थोडं वाढत होतं. आधी नुसते दगडी खांब होते, मग तारा आल्या, मग माणसाच्या डोक्यावर जाणारी जाळी. मसणवटीची वाट जिथं पट्टीला भेटते तिथं एक फाटक ठेवलं होतं; पलीकडच्या उतारावर कुंपण नव्हतं. पुढं कुणाची तरी म्हैस आत शिरून भर पट्टीवर रवंथ करत बसली, त्या दिवशी फाटकाला कुलूप लागलं, आणि ते परत निघालंच नाही.

गावानं विचारलं तर सांगितलं, सुरक्षेचा प्रश्न आहे. सडकेनं वळसा घालून, नाल्याच्या मोरीवरून जा. पावसाळ्यात मोरी पाण्याखाली असते, हे सांगितल्यावर कंपनीचे साहेब म्हणाले, वर कळवतो. सरपंच म्हणाले, बघू. ग्रामसभेत ठराव झाला, चहा झाला, माणसं घरी गेली.

त्या पावसाळ्यात गावात एक म्हातारा गेला. त्याला टेंपोत घालून वळशानं नेलं. चंदा टपरीत उभी होती. टेंपो खड्ड्यात आदळला की मागं ठेवलेलं प्रेत उडायचं आणि दोन्ही बाजूंना बसलेली माणसं ते हातांनी दाबून धरायची. सिमेंटची गोण धरावी तशी. म्हातारा आयुष्यभर ताठ चाललेला माणूस होता. चंदानं हातातला झारा खाली ठेवला.

"आता ज्याची पाळी येल," ती दामूला म्हणाली, "त्याला वाटेनं नेणार. खांद्यावरून."

दामूनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

पाळी आली बुधीची.

बुधी ठाकूरवाडीची. वय विचाराल तर तिचं तिलाच माहीत नव्हतं. दोन्ही वस्त्यांतली निम्मीअधिक माणसं तिच्याच हातावर जन्मलेली. शेखरच्या वेळी नाल्याला पूर होता, चंदाला शहापूरच्या दवाखान्यात नेणं शक्य नव्हतं, तेव्हा ही बाई कमरेएवढ्या पाण्यातून आली होती आणि पोर उलटं आहे म्हणताना घाबरली नव्हती. तिला स्वतःला मूल नव्हतं. एक पुतण्या होता, जैतू, तोही आता पिकल्या केसांचा.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळच्या उन्हात तिरडी निघाली. जैतू पुढं, हातात विस्तवाचं मडकं. मागं पुरुष. बायका रिवाजाप्रमाणं वेशीपर्यंत आल्या आणि थांबल्या. चंदा तिथूनच पाहत होती. फाटकाशी तिरडी थांबली, बोलाचाली सुरू झाली, हात वर झाले, मग तिरडी खाली जमिनीवर ठेवलेली तिला दिसली. विसाव्याच्या दगडावर ठेवणं वेगळं आणि अडवलं म्हणून धुळीत ठेवणं वेगळं. ती चालू लागली.

"अगो चंदा, बायका मसणात जात नाय!" मागून कुणीतरी ओरडलं.

"मी मसणात नाय जात. मी फाटकापाशी जाते."

फाटकाच्या आत वाल्मिक उभा होता. पहारेकऱ्यांचा मुकादम, शेजारच्याच गावचा. त्याच्याशेजारी मॅनेजर साहेब, कानाला वॉकीटॉकी.

"मावशी, तुम्ही तरी समजावा यांना," साहेब म्हणाले. "विमान वर आहे. शिकाऊ मुलगी आहे, आज पहिल्यांदा एकटी उडतेय. तुम्ही पट्टीवर आलात तर तिनं उतरायचं कुठं?"

"कोण मुलगी? दर्शना?"

"हो."

चंदानं वर पाहिलं. उंच निळ्यात ते पांढरं विमान वळत होतं. सकाळी दर्शनानं तीन कप चहा घेतला होता.

"ती पोर उतरू दे," चंदा म्हणाली. "आमी इथं बसतो. तिच्या जिवाला आमच्यामुळं घोर नको. पण साहेब, ती उतरली की फाटक उघडायचं. तिच्या पाठीमागं दुसरं उडवायचं नाय."

साहेबांनी मान हलवली. ती हो म्हणून की नुसती, हे कळलं नाही. चंदा तिरडीशेजारी धुळीत बसली. ती बसली म्हणून पुरुष बसले. जैतू मडक्यातल्या विस्तवावर फुंकर घालत राहिला. वेशीवरच्या बायकाही एकेक करून आल्या आणि मागं बसल्या, आता त्यांना कोण अडवणार होतं. विमानानं मोठा फेरा घेतला, खाली आलं, एकदा टेकून जरासं उसळलं, परत टेकलं आणि पळत पळत शेडकडं गेलं. माणसांतून सुटकेचा आवाज निघाला. चंदा उठली.

"उघडा."

साहेब वॉकीटॉकीवर बोलत होते. पट्टीच्या वरच्या टोकाला दुसरं विमान, जरा मोठं, तोंड फिरवून उभं राहत होतं. कंपनीच्या मालकांचे पाहुणे होते त्यात. नवीन बंगले पाहायला आलेले आणि आता शहरात परत निघालेले.

"एवढं एक जाऊ द्या, मावशी. व्हीआयपी आहेत."

"मंग त्याच्यामागं अजून एक असंल."

"मावशी, ही बाई तुमच्या नात्यातली तरी आहे का? तुम्ही कशाला मधे पडता?"

चंदा वाल्मिककडं वळली. "वाल्मिक, तू कुणाच्या हातावर जन्मलास रे?"

वाल्मिकनं खाली पाहिलं. त्याचं आजोळ ठाकूरवाडीला लागूनच होतं, हे तिला ठाऊक होतं. किल्ल्यांचा जुडगा काढून त्यानं कुलपाला लावला. साहेब ओरडले. कुलूप निघालं होतं.

"उचला," चंदा म्हणाली.

तिरडी उचलली गेली. पुरुषांच्या पुढं, जैतूच्या बरोबरीनं, चंदा पट्टीवर उतरली. ज्या सिमेंटवर तिनं भात वाळवलं होतं, त्यावर आता काळंभोर डांबर होतं आणि त्यावर पांढरे पट्टे. वरच्या टोकाला विमानाचा पंखा फिरत होता, त्याचा घोंगावता आवाज वाढत चालला होता. चार पावलं मागं राहिलेल्या कुणीतरी म्हटलं, "ते सुटलं तर?" चंदानंही एकदा वरच्या टोकाकडं पाहिलं. पण पाऊल थांबलं तर खांदेकरीही थांबतील, एवढं तिला कळत होतं.

साहेब वॉकीटॉकीत किंचाळले, "शेखर! गाडी घे आणि आडवी घाल! आडवी घाल म्हणतो!"

शेडजवळून लाल बंब सुटला. वरचा दिवा गरगर फिरत, भोंगा वाजवत तो सरळ तिरडीच्या दिशेनं आला. चंदाला काचेआड मुलाचं तोंड दिसलं. हेल्मेटखाली पांढरंफटक पडलेलं. सरिताला दिवस गेले होते, घरात नुकताच टीव्ही आला होता, दामूचा विमानाच्या लायनीतला अभिमान होता, आणि हे सगळं त्या बंबाच्या चाकांवर उभं होतं. चंदानं त्याला हात केला नाही, हाकही मारली नाही. तिनं नुसती मान ताठ ठेवली आणि चालत राहिली.

शेखरनं चाक फिरवलं. बंब तिरडीला वळसा घालून वरच्या बाजूला गेला आणि पट्टीच्या मधोमध आडवा उभा राहिला. त्याचं तोंड गावाकडं नव्हतं की मसणवटीकडं नव्हतं. त्याची लांब लाल कूस विमानाकडं होती. आता त्या विमानाला पंख असून उपयोग नव्हता.

शेखरनं वॉकीटॉकी तोंडाशी धरली. "घातली आडवी, साहेब," तो म्हणाला.

मग तो खाली उतरला, हेल्मेट सीटवर ठेवलं आणि एका खांदेकऱ्याला बाजूला सारून बुधीला खांदा दिला. विमानाचा पंखा हळूहळू थांबला. काळूच्या काठावर सरण रचलं गेलं आणि जैतूनं विस्तव लावला. चंदा धूर वर जाईपर्यंत थांबली. खैरोंडीच्या बाईनं मसणवटीत उभं राहून निरोप द्यायची ही पहिलीच वेळ होती.

संध्याकाळच्या आत पोलिसांची जीप आली. उडत्या विमानातल्या माणसांचा जीव धोक्यात घातला, बेकायदा आत घुसले, असं बरंच काही तक्रारीत होतं. चंदा आणि जैतू, दोघांना ठाण्यात बसवलं. शेखरला कामावरून काढल्याचा निरोप त्याआधीच मिळाला होता.

ठाण्यातले साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "बाई, एका कागदावर लिहून द्या की चूक झाली, परत असं करणार नाही. कंपनी तक्रार मागं घेते म्हणते. तुमच्या मुलालाही परत घेतील."

चंदानं एकदा दाराशी उभ्या असलेल्या शेखरकडं पाहिलं. त्याला तिनं विचारलं नाही, पण तो स्वतःच बोलला. "माझ्यासाठी नको लिहूस, आये. मी बी लिहिणार नाय."

"ऐकलंत?" चंदा म्हणाली. "साहेब, चूक झाली असती तर तुमी सांगायच्या आधी मी कबूल केली असती. बुधी परत मरणार नाय, पण दुसरं कुणीतरी मरणारच. तेव्हा आमी परत जाणार. मंग खोटं कशाला लिहू?"

तेवढ्यात दारात गडबड झाली. दर्शना आली होती. गणवेशातच, केस विस्कटलेले, सोबत घाबरलेले वडील. कंपनीच्या तक्रारीत आपल्या विमानाचं नाव आहे, हे तिला कुणाकडून तरी कळलं होतं.

"माझ्या जिवाला काही धोका नव्हता," ती एका दमात म्हणाली. "मी उतरेपर्यंत ही सगळी माणसं जाळीबाहेर बसून होती. मला वरून दिसत होती. माझा जबाब घ्या."

"शाळेतून काढतील तुला," वडील हळूच म्हणाले.

"मग दुसरीकडं शिकेन, बाबा."

जबाब घेतला गेला. त्यामुळं सगळ्यात जड कलम गळालं, घुसखोरीचं राहिलं. त्या दिवशी दोघांना घरी सोडलं.

पुढचे दिवस सोपे नव्हते. चंदाची टपरी कुंपणालगतची म्हणून उचलून टाकण्यात आली. तिनं ती सडकेच्या पलीकडं, दामूच्या बांधावर मांडली. शेखर काही महिने रिकामा बसला. सरिताचं बाळंतपण त्यातच झालं, आणि घरात चिडचिड, रुसवे, भांड्यांची आदळआपट सगळं झालं. सरिता एकदा बोलूनही गेली, "मेलेल्या माणसांसाठी जित्यांचे हाल." चंदानं ते ऐकून घेतलं. तिला सुनेचा राग आला नाही. तिनं नात मांडीवर घेतली. पुढं शेखरला कसाऱ्याच्या अंगाला उंबरमाळीजवळ एका शाळेची बस चालवायचं काम मिळालं.

पण गावात काहीतरी बदललं होतं. उन्हाळ्यात पलीकडच्या पाड्यावर एक बाई गेली, तर त्यांचा निरोप आधी चंदाकडं आला. त्या दिवशी फाटकाशी खैरोंडी, ठाकूरवाडी आणि सडकेकडच्या दोन पाड्यांची माणसं जमली. बंगलेवाल्यांपैकीही एक जोडपं येऊन मागं उभं राहिलं. पोलीस होते, पण ते हाताची घडी घालून उभे राहिले. विमान उतरवून घेतलं आणि वाट मोकळी झाली. नंतरच्या वेळी कुणाला जमावंही लागलं नाही. फाटकाजवळ एक उंच खांब उभा राहिला. गावानं त्यावर लाल निशाण चढवलं की टॉवरनं पट्टी बंद करायची, असं तहसीलदारांसमोर ठरलं. किल्ली कुणाकडं राहायची यावर बैठक रंगली. कंपनी म्हणाली, चंदाबाईंनाच फाटकावर नोकरीला घेतो, किल्ली त्यांच्याकडंच राहील.

"म्हणजे पगार तुमचा आणि किल्लीबी तुमची," चंदा म्हणाली. "नको. किल्ली ग्रामपंचायतीत टांगा, सगळ्यांना दिसंल अशी."

तसंच झालं. जुन्याच्या जागी नवं फाटक बसलं त्या दिवशी कंपनीनं छोटासा मांडव घातला. नारळ, फुलांची माळ, फोटोवाला. समेट झाला हे दाखवायला मॅनेजर साहेबांनी भर मांडवात जाहीर केलं की आम्ही चंदामावशींना विमानातून एक फेरी मारून आणणार आहोत.

"मला वर जायाची एवढी घाई नाय, साहेब," चंदा म्हणाली, आणि मांडव हसून खाली बसला.

मग तिची नजर फाटकावर गेली. तिथं पितळेची चकचकीत पाटी लावली होती. तिनं जवळ जाऊन बोटानं एकेक अक्षर वाचलं. 'कंपनीतर्फे ग्रामस्थांना सप्रेम भेट.'

"ही काढा," ती म्हणाली.

"मावशी, आता कशाला? फोटो होऊ द्या आधी."

"पाटी काढा, मंग फोटो काढा. फाटक तुमचं, पत्रा तुमचा, रंग तुमचा. वाट आमचीच होती. आपलीच वस्तू कुणी भेट म्हणून देतं का?"

साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. सरपंच चपलेनं माती उकरत होते. जैतू चंदाच्या शेजारी येऊन उभा राहिला, मग सरिता, कडेवर पोर घेऊन. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला. शेवटी वाल्मिकच शेडमधून पाना आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आला, कुणी न सांगता, आणि पाटी काढून काखेत मारून चालता झाला.

चंदानं नारळ फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा साहेबांच्या हातावर ठेवला.

"घ्या. परसाद हाय, नाय म्हणू नका."

साहेबांनी घेतला. दुसऱ्या दिवशी मुरबाडच्या कोर्टात तारीख होती, घुसखोरीचा खटला अजून चालूच होता. तिनं दामूला सांगितलं, सकाळची पहिली एसटी धरायची, टपरी सरिता बघंल.